‘घाटी’ आणि ‘भामटा’

ज्या घरांतील एकादा तरी माणूस पोटासाठीं मुंबईस गेला नाहीं, असें घर जुन्नर आणि आंबेगांव या दोन तालुक्यांत विरळा. पिढ्यान्‌पिढ्या आमचे लोक घाट उतरून खालीं जात आले आहेत. गिरण्यांत त्यांनीं सूत काढलें, बंदरावर व मंडईंत ओझीं वाहिलीं. आणि ज्या डबेवाल्यांच्या शिस्तीची वाखाणणी आज देशोदेशीं होते, त्यांतील पुष्कळजण याच तालुक्यांचे व शेजारच्या खेड-मावळचे. या सर्वांस मुंबईनें एक सामायिक नांव दिलें: ‘घाटी’. शब्दाची फोड करूं गेल्यास त्यांत वाईट तें काय? घाटावर राहणारा तो घाटी. परंतु हाच शब्द आमच्या मुलास शहरांतील शाळेंत किंवा कचेरींत ऐकावा लागला म्हणजे त्याचे कान तापतात. कारण बोलणाराच्या मनांत सह्याद्रि नसतो. अडाणी, ओबडधोबड, ओझीं वाहण्यापुरता जन्मलेला, हा अर्थ असतो. गोव्यांतहि वरून येणाऱ्या मजुरास ‘घांटी’ म्हणतात, आणि तेथेंहि तो गौरवाचा शब्द नव्हे. आंबेगांव तालुक्यांतील महाळुंगे पडवळचा बाबू गेनू हा असाच मुंबईंतील एक गिरणी-कामगार. परदेशी कापडाच्या लॉरीसमोर त्यानें १२ डिसेंबर १९३० रोजीं प्राण दिला, तेव्हां ‘घाटी’ या शब्दांत किती मोठा माणूस मावतो हें मुंबईस कळलें. पण त्यानंतरहि शब्दाची कुत्सित धार गेली नाहीं.

हें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, शब्द कसा बोचतो हें आमच्या वाचकांस पुस्तकांतून शिकावयाचें नाहीं. त्यांनीं तें सोसलें आहे. परंतु हाच मनुष्य सणास गांवीं येतो, मंचरच्या किंवा नारायणगांवच्या बाजारांत उभा राहतो, आणि तोंड कसें चालवितो पाहा. हिशेबांत फसविणाऱ्या दलालास तो ‘भामटा’ म्हणतो. नसत्या पंचाइती करणाऱ्या शेजाऱ्यास ‘चांभारचौकशा कशाला?’ म्हणून झिडकारतो. कोणाची निगरगट्ट वृत्ति पाहिली कीं ‘अगदीं बेरड आहे’ म्हणतो. इंग्रजीनें भरलेल्या मराठीस सुशिक्षित लोक ‘धेडगुजरी’ म्हणून नाकें मुरडतात. आणि केस न विंचरलेल्या स्वतःच्या पोरास आई ‘काय कातकऱ्यासारखा राहतोस?’ म्हणून रागें भरते. यांतील प्रत्येक शब्दांत कोणा ना कोणा जिवंत माणसाच्या कुळाचें नांव आहे. खालीं उतरल्यावर जो दंश आपण सोसतों, तोच वर आल्यावर दुसऱ्यास करतों. आणि पहिल्याची चीड येते तशी दुसऱ्याची लाज मात्र वाटत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, संपादक राईचा पर्वत करीत आहेत. शब्द झिजतात, त्यांचें मूळ लोक विसरतात. ‘भामटा’ म्हणतांना कोणाच्या मनांत जात येते? आक्षेप अगदीं टाकाऊ नाहीं, म्हणून तो नीट तपासला पाहिजे. शब्द झिजतात हें खरें. इंग्रजींत गुलामास ‘स्लेव्ह’ म्हणतात. मध्ययुगांत स्लाव्ह लोक धरून विकले जात, त्यावरून तो शब्द झाला. आज पोलंडांतील किंवा रशियांतील मनुष्य त्यावरून कोणाशीं भांडत नाहीं. सन ४५५ मध्यें रोम लुटणाऱ्या व्हँडल लोकांच्या नांवावरून नासधुशीस ‘व्हँडॅलिझम’ म्हणतात. परंतु आपण व्हँडल आहों असें सांगणारा मनुष्य आतां पृथ्वीवर उरलेला नाहीं, तेव्हां दुःख व्हावयाचें कोणास? आमच्याच भाषेंत ‘कोलांटी उडी’ हा शब्द कोल्हाट्यांच्या कसरतीवरून आला. त्यांत त्यांच्या अंगच्या चापल्याची साक्ष आहे, त्यांच्या शीलावर डाग नाहीं. पुढाऱ्यांच्या पक्षांतरांस आम्ही ‘कोलांट्या’ म्हणतों, त्यांत निंदा होते ती पुढाऱ्यांची, कोल्हाट्यांची नव्हे.

तेव्हां ज्या शब्दाच्या मुळाशीं जात आहे तो प्रत्येक शब्द वर्ज्य, असें आम्ही म्हणत नाहीं. आमची कसोटी तीन प्रश्नांची आहे. ज्यांचें तें नांव, ते लोक आज तेंच नांव घेऊन हयात आहेत काय? त्या नांवानें जो गुण सांगितला जातो तो दोष आहे काय? आणि त्या दोषाच्या आरोपाची किंमत त्यांस अजून मोजावी लागते काय? तिन्ही प्रश्नांस ‘होय’ असें उत्तर येत असेल, तर शब्द झिजलेला नाहीं. झिजली आहे ती आपली संवेदना.

ही कसोटी ‘भामटा’ या शब्दास लावूं. महाराष्ट्र सरकारच्या विमुक्त जातींच्या यादींत बेरड, कैकाडी, रामोशी, वडार यांच्या बरोबरीनें ‘भामटा’ व ‘राजपूत भामटा’ हीं नांवें आजहि आहेत. त्या जातीच्या मुलास शिष्यवृत्ति पाहिजे, वसतिगृह पाहिजे, सरकारी नोकरी पाहिजे, तर त्याला हेंच नांव लिहिलेला दाखला पुढें करावा लागतो. त्याच दिवशींचें वर्तमानपत्र उघडावें, तों मोठ्या अक्षरांत मथळा: ‘भामट्यानें वृद्धेचे दागिने लांबविले’. चोर कोणत्याहि जातीचा असेल. बहुधा तो या जातीचा नसतोच. पण नांव यांचें. एका हातांत दाखला व दुसऱ्या हातांत वर्तमानपत्र घेतलेल्या त्या मुलास ‘शब्द झिजला आहे, मनावर घेऊं नको’ असें सांगण्याचें धैर्य आमच्यापैकीं कोणास होईल?

कोणी विचारील, आधीं जात कीं आधीं शब्द? चोरी करणारांस हा शब्द लागत असे म्हणून जातीस तें नांव पडलें, कीं जातीवरून चोरास? आम्हांस या वादांत शिरण्याचें कारण दिसत नाहीं. पहिलें खरें मानलें, तर एका समाजास जन्मतःच चोर ठरविणारें नांव बहाल केलें गेलें. दुसरें खरें मानलें, तर जगांतील सर्व चोरांचें ओझें एका समाजाच्या माथीं मारलें गेलें. दोन्ही बाजूंनीं अन्याय एकच आहे.

हा अन्याय केवळ जिभेचा असता तर गोष्ट निराळी. त्यास कायद्यानें हातपाय दिले. सन १८७१ च्या गुन्हेगार जातींच्या कायद्यानें इंग्रज सरकारनें संबंध जातीच्या जाती जन्मानें गुन्हेगार ठरविण्याची वहिवाट घातली. तो कायदा प्रथम उत्तरेकडे लागूं होता, १९११ च्या कायद्यानें त्याचा पसारा मुंबई इलाख्यासह सर्व देशांत झाला. नांवनोंदणी, बोटांचे ठसे, ठराविक वेळीं हजेरी, परवान्यावांचून गांव सोडण्याची बंदी. सोलापुरास तर तारेच्या कुंपणांत वसाहत. गुन्हा सिद्ध झाल्यावर शिक्षा, हें न्यायाचें पहिलें सूत्र. येथें शिक्षा आधीं व गुन्ह्याचा शोध मागाहून. देश १९४७ मध्यें स्वतंत्र झाला, पण हे लोक ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं मोकळे झाले. म्हणून तो दिवस ते ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळतात. कायदा गेला, परंतु गांवांत चोरी झाली कीं पहिला संशय कोणत्या पालावर जातो हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. कायद्यानें पुसलेलें नांव जोंपर्यंत आमच्या मथळ्यांत नांदत आहे, तोंपर्यंत ती हजेरी बंद झाली असें म्हणतां येत नाहीं. फक्त ती पोलिसपाटलाऐवजीं संपादक घेतो, इतकेंच.

नांवें कोण लिहितो हाहि प्रश्न विचारण्यासारखा आहे. गांवाची राखण ज्यांच्याकडे होती ते रामोशी. इंग्रजांनीं त्यांचीं वतनें हिरावल्यावर त्यांच्यांतून उमाजी नाईक उठला. त्यास ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं पुण्यास फांशी दिलें. सरकारी कागदांत तो दरोडेखोर. आज सरकारच त्याची जयंती करतें. आमच्या आंबेगांव तालुक्यांतील जांभोरीचा होनाजी केंगले हा महादेव कोळी. सन १८७३ पासून १८७६ पर्यंत त्यानें पुणें, नगर, नाशिक व ठाणें या जिल्ह्यांत सावकारांवर धाडी घातल्या. इंग्रजी दप्तरांत त्याचें नांव ‘होन्या’ असें एकेरी लिहिलें आहे. डोंगरांतील लोक त्यास ‘होनाजी’ म्हणतात. आमच्या व्यापारी वाचकांस ही आठवण कदाचित् रुचणार नाहीं. परंतु १८७५ मध्यें सुप्याच्या बाजारांत कुणब्यांनीं ज्या सावकारी खतांची होळी केली, त्यांच्याच जाचाची ही डोंगराकडील बाजू होती. सांगावयाचें इतकेंच कीं, ‘चोर’ व ‘दरोडेखोर’ हीं नांवें पुष्कळदां ज्याच्या हातांत लेखणी असते तो ठरवितो. नांव सोसणारास विचारतो कोण?

याच महादेव कोळ्यांच्या डोंगराशीं एका जगप्रसिद्ध शिवीचा संबंध जोडला जातो. ‘कूली’ हा शब्द इंग्रजींत कोठून आला याविषयीं दोन मतें आहेत. एक म्हणतें कीं, तमिळ भाषेंत ‘कूलि’ म्हणजे मजुरी, त्यावरून. दुसरें, ज्याचा विचार यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशानें केला आहे, तें म्हणतें कीं, पश्चिम हिंदुस्थानांतील कोळी जातीच्या नांवावरून. मूळ कोणतेंहि असो, तो शब्द आगबोटींतून नाताळ, मॉरिशस, त्रिनिदाद येथें गेला आणि प्रत्येक हिंदी मनुष्याच्या कपाळीं चिकटला. सन १८९३ मध्यें गांधीजी दक्षिण आफ्रिकेंत गेले, तेव्हां विलायतेची सनद खिशांत असूनहि गोऱ्यांच्या लेखीं ते ‘कूली बॅरिस्टर’च होते. तेथील गोऱ्यांचेंहि म्हणणें हेंच असणार कीं, ‘कूली म्हणजे मजूर, त्यांत अपमान कसला?’ आज आपण जें समर्थन ‘भामटा’ किंवा ‘चांभारचौकशी’ यांचें करतों, त्यांत व या समर्थनांत तिळाएवढाहि भेद नाहीं.

आतां कायद्याकडे वळूं, कारण तो आमचा व्यवसाय आहे. शब्दाचें मूळ पाहावें कीं चालू अर्थ पाहावा, या प्रश्नाचा निकाल आमच्या सर्वोच्च न्यायालयानें स्वर्ण सिंग यांच्या खटल्यांत २००८ मध्यें दिला आहे. ‘चमार’ हें केवळ एका जातीचें नांव आहे, असा बचाव तेथें पुढें येतो. न्यायालयानें सांगितलें कीं, शब्दाची व्युत्पत्ति न पाहतां लोकव्यवहारांत त्यास आलेला अर्थ पाहिला पाहिजे. आणि हिणविण्यासाठीं उच्चारलेला तो शब्द आज अपमानकारकच आहे. हें सूत्र दुधारी आहे आणि न्याय्यहि आहे. मूळ निर्दोष म्हणून शिवी सुटत नाहीं. आणि मूळ सदोष एवढ्यावरून चालू अर्थ निरुपद्रवी असलेला शब्द दोषी ठरत नाहीं. मात्र एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. १९८९ चा अत्याचार-प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाति व जमातींस संरक्षण देतो. महाराष्ट्रांत विमुक्त जाति सामान्यतः त्या याद्यांत येत नाहींत. त्यामुळें ‘भामटा’ या मथळ्याविरुद्ध त्या समाजाच्या हातीं तें शस्त्र नाहीं. शिवाय मथळा कोणा एका व्यक्तीस उद्देशून नसतो. जेथें कायद्याचा हात पोंचत नाहीं, तेथेंच सभ्यतेची खरी परीक्षा असते.

मग नांवें बदलून टाकावीं काय? नुसत्या नामांतरावर आमचा भरंवसा नाहीं. स्टेशनावरील हमालास ‘कुली’ न म्हणतां ‘सहायक’ म्हणावें अशी घोषणा २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पांत झाली. डोईवरचें ओझें तेवढ्यानें हलकें झालें नाहीं. महाराष्ट्र सरकारनें डिसेंबर २०२० मध्यें महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशीं वस्त्यांचीं जातिवाचक नांवें काढून समतानगर, भीमनगर, क्रांतिनगर अशीं नांवें देण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच आहे. पण फलक बदलून वस्ती गांवकुसाच्या आंत येत नसते. शिवाय वरून दिलेलें गोड नांवहि सोसणारास गोड लागतेंच असें नाहीं. जानेवारी १९३८ मध्यें मुंबईच्या विधिमंडळांत अस्पृश्य वर्गास ‘हरिजन’ म्हणण्याचा प्रश्न निघाला, तेव्हां डॉ. आंबेडकर व त्यांच्या पक्षाचे सभासद निषेधार्थ सभागृह सोडून गेले. हेतु भला असेल. पण आमचें नांव तुम्ही ठरविणारे कोण, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता.

यावरून दुसरा नियम निघतो. नांव टाकावें कीं मिरवावें हें ज्याचें नांव त्यानें ठरवावें. आमच्या जुन्नर तालुक्यांतील नारायणगांवानें महाराष्ट्रास भाऊ-बापू मांग नारायणगांवकर यांचा तमाशा दिला, आणि विठाबाईंसारखी कलावंतीण दिली. ‘मांग’ हा शब्द त्यांनीं लपविला नाहीं. आपल्या फडाच्या नांवांत तो ठेवला, आणि पांढरपेशा महाराष्ट्रानें त्याच नांवाचें तिकीट काढून पुढें बसण्यासाठीं गर्दी केली. लक्ष्मण गायकवाड यांनीं आपल्या आत्मकथनास ‘उचल्या’ हेंच नांव दिलें, आणि १९८८ मध्यें त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जखम ज्याची, ती उघडी करण्याचा अधिकारहि त्याचाच. पण त्यांनीं तो शब्द वापरला म्हणून आम्हांसहि मुभा, हा तर्क चोराच्या वकिलासहि शोभणार नाहीं.

शेवटचा आक्षेप भाषाप्रेमी लोकांचा. अशानें मराठी दरिद्री होईल, जुने ग्रंथ कापावे लागतील, म्हणी मराव्या लागतील. आम्ही ग्रंथांस कात्री लावा असें म्हणत नाहीं. जुन्या लेखकांनीं जें लिहिलें तें तसेंच छापावें. कोशांत शब्द त्याच्या इतिहासासकट राहावा. पूर्वजांची चूक पुसून टाकणें ही त्यांची सेवा नव्हे. ती पुन्हां न करणें ही सेवा. आणि दारिद्र्याचें म्हणाल, तर ज्या भाषेंत ठक, लुच्चा, लफंगा, भुरटा, तोतया, लबाड इतके शब्द हात जोडून उभे आहेत, तिला चोरास हांक मारण्यासाठीं एका जातीचें नांव उसनें घ्यावें लागतें काय? ‘चांभारचौकशी’स ‘नसती उठाठेव’ आहे, ‘धेडगुजरी’स ‘सरमिसळ’ आहे. शब्द कमी नाहींत. संवय मोडण्याचा कंटाळा आहे.

हा उपदेश दुसऱ्यास करण्यापूर्वीं आमचें घर झाडणें प्राप्त आहे. ‘भामटा’ हा मथळा आमच्याच स्तंभांत असंख्य वेळां आला आहे, आणि आम्हीं तो डोळ्यांखालून घालून छापखान्याकडे पाठविला आहे. त्याबद्दल कोणा खिळे जुळविणाऱ्यास किंवा बातमीदारास दोष देण्याचें कारण नाहीं; दोष संपादकाचा. आजपासून या पत्रांत गुन्हेगारास त्याच्या गुन्ह्याचें नांव मिळेल, कोणाच्या कुळाचें नव्हे. एकाद्या अंकांत चूक झाली तर वाचकांनीं आमचा कान धरावा.

आणि आमच्या व्यापारी बंधूंस एक विनंती. पश्चिमेच्या खोऱ्यांतून हिरड्याची पाटी घेऊन जो माणूस घोडेगांवास किंवा जुन्नरास तुमच्या दुकानाच्या पायरीशीं येतो, तो महादेव कोळी असेल, ठाकर असेल किंवा कातकरी असेल. खैराचा कात काढण्याच्या कसबावरून कातकऱ्यांस तें नांव पडलें. कसब गेलें, जंगल परकें झालें, नांव तेवढें उरलें, आणि त्याचीहि आम्हीं शिवी केली. त्या माणसास त्याचें स्वतःचें नांव विचारा. ‘ए कातवड्या’ न म्हणतां, तुमच्या बरोबरीच्या शेतकऱ्यास म्हणतां तसें ‘या, मामा’ म्हणा. तराजू सरळ धरा म्हणजे जीभहि सरळ राहील. आणि जीभ सरळ राहिली तर तराजू वांकडा धरतांना हात थोडा तरी अडखळेल. ज्यास आपण हीन नांवानें हांक मारतों, त्यास हीन भाव देणें सोपें जातें. शब्दाचें आणि व्यवहाराचें नातें हें असें आहे.

उद्यां आपला मुलगा मुंबईहून येईल आणि सांगेल कीं, तेथें त्यास कोणी ‘घाटी’ म्हणालें. त्याचा राग आपल्यास यावा, हें योग्यच. मात्र त्या रागाचा हक्क सांगण्यापूर्वीं आपण त्याच दिवशीं बाजारांत कोणास काय म्हणालों, याचा हिशेब प्रत्येकानें आपल्या मनाशीं करावा.